खंडेनवमीची पहार

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारंच देव. आमचे पूर्वज कापड छापणारे रंगारी. धंदा कधीच गेला, एक सागवानी ठसा तेवढा उरलाय. पाटावर तो पहिला, मग पक्कड, अडकित्ता, चिमटा, पहार. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अप्पांचा कायदा!

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरफांचे तिन्ही प्रकार शिकवायला हाच पाट पुरतो. पक्कडीत टेकू मधे, अडकित्त्यात सुपारी मधे, चिमट्यात बोटांचा जोर मधे.

त्या सकाळी पूजा आटोपून अप्पा परसातल्या टाकीत पाणी बघायला गेले. टाकीवरची दगडी फरशी आदल्या दिवशी चार गड्यांकडून काढून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती घसरली आणि त्यांच्या पायावर पडली.

आई नि मी धावलो. दोघींनी हातांनी उचलून पाहिली, तसूभर हलेना. कानडी मुलखातली आमची चामराजपुरमची अख्खी गल्ली गाड्यांच्या पूजेत; हॉर्न काय, फटाके काय! आमच्या हाका कोण ऐकणार? ॲम्ब्युलन्स दसऱ्याच्या गर्दीत अडकलेली.

"पहार आणते," मी म्हटलं.

"बेड! नको!" अप्पा खेकसले. "आयुधाला आज हात लावायचा नाही!"

पाय चेंगरतोय आणि हा माणूस कायदा सांगतोय! मला रडू येत होतं आणि संतापही. कपडे वाळत घालायची काठी घातली, ती काडकन मोडली. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला, बोलणंही थांबलं. आता हे जातात, असंच वाटलं मला.

"चुलीत जाऊ दे तो नेम!" म्हणत आईनंच पहार ओढून आणली. मी टोक फरशीखाली सारलं, टेकूला वीट ठेवली. तिचा भुगा झाला. टेकू फरशीला लागून हवा आणि न चुरणारा हवा. तसं काहीच दिसेना. आई पुन्हा आत पळाली आणि ठसा घेऊन आली. मी बघतच राहिले.

"बघतेस काय ग? ठेव बेगा, लवकर!"

ठेवला. पहारीच्या लांबच्या टोकावर दोघींनी अंग टाकलं. ठसा कडकडला, उभा चिरला, पण चेपला नाही. फरशी बोटभर उचलली.

"अप्पा, ओढा पाय! ओढा!"

त्यांनी ओढला.

पाय वाचला, लंगडणं राहिलं. यंदाही तो चिरलेला ठसा पाटावर पहिलाच होता. पहार मात्र अप्पांनी परसाच्या दाराशी उभी केली.

"आणि हिची पूजा?" आईनं विचारलं.

"उद्या. आज हाताशी असू दे."