आधी उलटा हात

तुम्ही आमचा कार्यक्रम कधी पाहिला असेल, तर गाणी विसरला असाल, पण तो हात विसरला नसाल. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आमचा लीड गिटारवाला गिटारच्या तारा डाव्या मुठीत धरून माझ्या माइकपाशी यायचा आणि उजव्या बोटांची पाठ माइकच्या जाळीला हळूच टेकवायचा. दोन क्षण थांबायचा, मग म्हणायचा, "गा आता."

लोकांना वाटायचं, ही रॉकवाल्यांची काहीतरी स्टाइल आहे. पुढच्या रांगेतली पोरं आपापले उलटे हात हवेत नाचवायची. एका गावात एक म्हातारे गृहस्थ मला कौतुकानं म्हणाले, "तुमचा तो गिटारवाला मोठा भाविक दिसते. नमस्कार केल्याबिगर वाजवत नाही." भाविक वगैरे तो काही नव्हता. त्याला भीती वाटायची, आणि ती भीती सोडून त्याच्याबद्दल मला काही सांगताच येणार नाही.

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी तिथं येत आणि तो दिवसभर त्यांत तांब्याची तार भरत बसे. मी जवळच्याच शाळेत शिकवते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो वाजवायला आला, मी गायले, आणि तिथून आमचा बँड जमला. आम्ही दोघं, ड्रमवर त्याचा चुलतभाऊ आणि बेस गिटारवर पोस्टातले एक कारकून. बँड म्हटलं की आमच्याकडे लोकांना वरातच आठवते. "चालता चालता वाजवता का?" असं विचारायला लग्नघरची माणसं दुकानात येत. तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "वायर पुरत नाही ना, भाऊ."

त्याच्या पायाशी एक स्टीलचा जेवणाचा डबा असायचा. जुन्या रेडिओचे पार्ट घालून त्यानं त्या डब्यातच आवाज फाडायचं यंत्र बनवलं होतं. वरचं बटण पायानं दाबलं की गोड वाजणारी गिटार गुरगुरायला लागायची. डब्याच्या झाकणावर त्याच्या आईचं नाव कोरलेलं होतं. "आईले माहीत आहे का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "ते अजून डबा शोधून राहिली."

गावोगाव आमचं स्टेज म्हणजे बहुतेक ट्रॅक्टरची ट्रॉली, म्हणजे सगळं लोखंड. मला अनवाणी गायची सवय. ते त्याला अजिबात खपायचं नाही. "चप्पल घाल वं. रबराची." त्यामुळे आमच्या रॉक बँडची गायिका निळ्या पट्ट्यांच्या स्लिपर घालून गायची. ट्रॉलीमागं तो स्वतः अर्थिंगची लोखंडी सळाख जमिनीत ठोकायचा, तिच्या बुडाशी मिठाचा पुडा रिकामा करायचा आणि वर बाटलीभर पाणी ओतायचा. ओली जमीन करंट पोटात घेते, कोरडी घेत नाही, एवढं साधं त्याचं म्हणणं. हे सगळं झाल्यावरसुद्धा पुन्हा माइकला उलटा हात लावायचाच.

"उलटाच काहून?" मी विचारलं होतं.

"करंट लागला तर उलटा हात झटकला जाते. सरळ हात आवळते. मग सुटत नाही."

एवढी भीती कुठून आली, ते त्यानं एकदाच सांगितलं. मी दुकानात बसले होते, तो तारेचे वेढे मोजत मोटार भरत होता. "आधी ऑर्केस्ट्रात होतो मी. एक दिवस गाणारी बाई माइक धरून थरथरायला लागली. मले वाटलं, नाचून राहिली. लोकं टाळ्या वाजवून राहिले होते."

"मग?"

"मग काय. मी वाजवतच राहिलो. आपला पीस पुरा केला."

ती वाचली का, असं मी विचारलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. वेढ्यांचा हिशेब चुकला होता. त्यानं सगळी तार उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या दिवसापासून ती भीती माझीही झाली. कार्यक्रम सुरू होताना मी लोकांकडे बघायचेच नाही. त्याच्या बोटांकडे बघायचे. बोटं शांत असली की माझा श्वास सुटायचा.

पण भीतीचीही सवय होते, आणि सवय झाली की तिची लाज वाटायला लागते. कोणीतरी त्याच्या उलट्या हाताचा व्हिडिओ काढला आणि तो मोबाइलवरून गावभर झाला. एक दिवस मी फळ्याकडे वळले तर वर्गात हसू फुटलं. मागं पाहिलं, तर सातवीची पोरं डस्टरला, बाकाला, एकमेकांच्या डोक्याला उलटा हात लावत होती. मी तशीच तणतणत त्याच्या दुकानात गेले.

"भाऊ, ते स्टेजवर नका करत जाऊ ना. लोकं हासून राहिले."

"हासू दे ना."

"तुमचं ठीक आहे. मले शाळेत तोंड दाखवा लागते."

त्यानं हातातला तारेचा वेढा पुरा केला. मग म्हणाला, "बरं. लोकं यायच्या आधीच पाहून घेत जाईन." हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर, त्यानंच तसं ठरवलं होतं, असं सांगायचे.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे नाच-गाण्याची जत्रा, भरते. लाखांदूरकडच्या एका मंडईत आमचा दुपारचा कार्यक्रम होता. तोच हसण्यावारी नेलेला व्हिडिओ पाहून पुण्याच्या एका बँडनं त्याला बोलावलं होतं. त्यांना हात नव्हता दिसला, गिटार ऐकू आली होती. "मंडई झाली का जातो," असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

त्यानं सकाळीच जनरेटरवर सगळं तपासून ठेवलं. दुपारी पाहुण्यांचं भाषण चालू असताना जनरेटर धापा टाकायला लागला. मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या माणसांनी मदत म्हणूनच शेतातल्या विजेच्या लायनीवर आकडा टाकून आमची वायर तिकडे जोडली. आम्हाला कोणी सांगितलं नाही. मी पडद्यामागं ओढणीला पिन लावत होते. माझं नाव पुकारलं, शिट्ट्या वाजल्या, मी पुढं आले आणि माइककडे हात नेला.

तेवढ्यात त्यानं मान वळवली. त्याच्या स्पीकरची घरघर बदलली होती, असं तो नंतर म्हणाला. आम्हा तिघांना काहीच ऐकू आलं नव्हतं. तो ओरडला असेल, तेही कळलं नाही. डाव्या हातात गिटारच्या तारा तशाच धरून तो तीन ढांगांत ट्रॉलीच्या या टोकाला आला. माइकचा स्टँड त्याला नुसता ढकलायचा होता, पण माझ्या बोटांच्या वीतभर आधी तो त्याच्या मुठीत आला. सरळ हातात. उलटा करायला वेळ नव्हता.

तो थरथरायला लागला. समोरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. मला सगळं माहीत होतं, तरी माझे पाय हलेनात. चुलतभावानं ड्रमवरून उडी मारून वायर उपटली.

तो वाचला. पण करंटनं आवळलेल्या मुठीत तारा डाव्या हाताच्या दोन बोटांत हाडापर्यंत रुतल्या होत्या. ती बोटं वाकडी झाली ती झालीच, आणि तारेवर ठेवली तरी त्यांना तार कळेना. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी उभी राहिले.

"तुले लागला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग झालं."

"भाऊ, माझ्यामुळं झालं हे," म्हणून मी रडायला लागले.

"तुझ्यामुळं कायले? रडू नको वं. यावेळेस मी वाजवत नाही राहिलो."

पुण्याचा बँड दुसरा कोणी घेऊन पुढं गेला. दुकान त्याचा चुलतभाऊ चालवायला लागला. तो डबा त्यानं आईला परत दिला, असं ऐकलं. आमच्याकडे तो यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेले की तो शेतात गेलेला असायचा. माझ्यासमोर बोटं दिसू नयेत म्हणून तो जात असावा, असं मला वाटतं. आता आमच्यात तुमसरचा एक गिटारवाला आहे, चांगला वाजवतो. माइकला उलटा हात मी लावते, सगळ्यांसमोर. पोरं हसतात. हसू देते.

गेल्या उन्हाळ्यात आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी आमचा कार्यक्रम होता. जमीन दगडासारखी वाळलेली. मी नेहमीसारखी मिठाचा पुडा आणि पाण्याची बाटली घेऊन ट्रॉलीमागं गेले, तर सळाखेच्या बुडाशी माती आधीच ओली होती. मिठाचे खडे अजून विरघळलेही नव्हते. चुलतभावाला विचारलं, तो नाही म्हणाला. साउंडवाला म्हणाला, "एक जण येऊन गेले. डाव्या हातात बाटली धरता येत नव्हती, दातानं झाकण काढलं त्यांनी."

मी गर्दीत त्याला शोधलं, रस्त्यापर्यंत जाऊन आले. दिसला नाही. मग माझ्या बाटलीतलं पाणी त्याच्या पाण्यावर ओतलं, स्लिपर घातल्या आणि ट्रॉलीवर चढले. माइकला उलटा हात लावून दोन क्षण थांबले. "गा आता" म्हणायला कोणी नव्हतं.