दहापैकी किती?

हॉस्पिटलात तिला सगळे 'दहापैकी' म्हणत. दुखणं कमी करण्याचं खास शिक्षण घेतलेली ती नर्स, कुठल्याही खाटेपाशी गेली की पहिला प्रश्न एकच, "दुखतंय ते दहापैकी किती?" पेशंट सांगेल तो आकडा तिच्या लेखी ब्रह्मवाक्य. "नाटकं करतोय तो," म्हणणाऱ्या डॉक्टरांशी ती या एका नियमापायी हमरीतुमरीवर आलेली होती.

आता त्याच नियमाने तिचा गळा धरला होता. समोर तिची थोरली जाऊ पडलेली, जिन्यावरून घसरून बरगड्या मोडून घेतलेली. ओठ पांढरे, कपाळावर घाम, श्वास चिमटीएवढा. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "शून्य."

"मग जरा खोकून दाखवा."

"मरेन, पण तुझी सुई घेणार नाही. आईंना झोपवलंस तसं मलाही झोपवशील."

हे वाक्य नातेवाइकांत घरोघर फिरलेलं होतं. सासूबाई कॅन्सरने तळमळत होत्या. हिने डॉक्टरांना सांगून मॉर्फिन सुरू केलं, म्हणून शेवटचे दिवस तरी शांत गेले. तेराव्याच्या आत थोरलीने बोभाटा केला, धाकटीने म्हातारीला सुई टोचून मारलं. तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

खरं सांगायचं तर ते 'शून्य' ऐकून दहापैकीला आतून बरंच वाटलं होतं. बस म्हणावं तशीच! पण मोडक्या बरगड्यांनी माणूस पुरता श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया गाठतो. जावेला ताप चढू लागलाच होता. ती गेली असती तर दुसरा खूनही हिच्याच माथी आला असता.

तिने शेजारच्या वॉर्डातली नर्स बोलावली आणि स्वतः पडद्याआड उभी राहिली.

"दहापैकी किती, काकू?"

"नऊ गं पोरी," जाऊ रडायलाच लागली. "त्या बयेला सांगू नकोस."

औषध दहापैकीनेच डॉक्टरांकडून लिहून घेतलं. टोचलं त्या नर्सने. संध्याकाळी जाऊ उशीला टेकून चांगली दणदणीत खोकत होती.

"त्या पोरीच्या हाताला गुण आहे," ती हिला ऐकवण्यासाठीच म्हणाली. "काय दिलं तिने?"

"मॉर्फिन. आईंना दिलं होतं तेच."

जाऊ चादरीची कड चुरगाळत राहिली.

"त्या किती म्हणायच्या?"

इथे सोडून देता आलं असतं. हिने सोडलं नाही.

"दहा. आणि हाका तुम्हाला मारायच्या. तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत."

जावेने तोंड भिंतीकडे फिरवलं. दहापैकी खाटेचा कठडा धरून उभी राहिली. सवयीने की मुद्दाम, तिचं तिलाच ठाऊक, पण तिने विचारलं,

"आता किती?"