पुसेगावची तुळई आणि दोन बुरश्या

विज्ञान कुणाची भीड ठेवत नाही. हे वाक्य मी हिंगोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना पंचवीस वर्षं म्हटलं. त्या दिवशी पुसेगावच्या शाळेत चौकशीसाठी चार खुर्च्या मांडल्या होत्या. विज्ञानाची, म्हणजे माझी, सर्वांत शेवटी होती, आणि तिचा एक पाय हलत होता.

व्हरांड्याची कडुलिंबाची तुळई तीन वर्षांत कुजून खचली होती. ठपका ती घडवणाऱ्या किसन मिस्त्रीवर होता. तो सिद्ध झाला, तर सरकारी काम कायमचं बंद.

"त्याच झाडाचं उरलेलं खोड याच्या अंगणात पडलंय, सर," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "तेही आतून कुजकं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"कुजकं मी कापून टाकलं होतं, साहेब. चांगलं तेवढंच घेतलं, बराबर पाहून," दाराशी उभा किसन म्हणाला.

"आता तू शिकव आम्हाला!"

मी दोन्हीकडचे तुकडे मागवले. तुळईचा तुकडा तपकिरी, चौकोनी भेगा पडलेला. चिमटीत चुरला की भुकटी. खोडाचा तुकडा पांढुरका. चुरला की धागे सुटत.

लाकूड म्हणजे धागे आणि त्यांना घट्ट धरणारं लिग्निन. ग्लिओफिलम नावाची बुरशी धागे खाते, मागे भुगा राहतो. गॅनोडर्मा लिग्निन फोडते, म्हणून धागे मोकळे होतात. गॅनोडर्मा उभ्या झाडात वाढते. कापून वाळवलेल्या लाकडात सहसा टिकत नाही. ग्लिओफिलम मात्र बांधकामातल्या, सतत भिजणाऱ्या लाकडावर येते. तुळईत गॅनोडर्माचा मागमूस नव्हता. म्हणजे किसननं निरोगी लाकूडच बसवलं होतं. ते नंतर भिजलं.

मी शिडी मागवली. पत्र्याचं पन्हाळ नेमकं तुळईच्या टोकावर गळत होतं.

"हे पन्हाळ कुणाच्या देखरेखीखाली बसवलं?" मी विचारलं.

साहेबांनी चहा मागवला.

ठपका पुसला गेला. नवी तुळई किसननंच घडवली, आणि ती आजही सरळ आहे. त्या अहवालाचा मला अभिमान आहे.

निघताना मी किसनला दोन्ही बुरश्यांची नावं सांगू लागलो.

"व्हय सर. एक भुग्याची, एक सुताची. आमचा बाप चिमटीत चुरल्याबिगर लाकूड घ्यायचा न्हाई."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की, पैल्याच दिवशी. म्हणले, कॉलेजातून लेखी आण."

माझ्या अहवालात, पान दोनवर, त्या चिमटीला 'प्रयोगशालेय परीक्षण' म्हटलं आहे.