गळती आणि दोन लिंबे

भास्करनानांची आणि माझी पहिली ओळख साबणाच्या फेसावरून झाली. धरणगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत मी आठवीत होतो आणि नाना धुळ्याहून विज्ञान शिकवायला नुकतेच आले होते. त्यांनी प्रत्येकाला घरचे पाणी बाटलीत आणायला सांगितले. साबणाचा चुरा टाकून आम्ही बाटल्या हलवल्या. कुणी पावसाचे साठवलेले पाणी आणले होते, ती बाटली फेसाने भरून गेली. माझ्या बाटलीत मात्र नुसता पांढरा साका. आपल्या घराचेच काहीतरी चुकले असावे, असे वाटून मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही रे. जमिनीतला चुना पाण्यात उतरलाय. पाणी जड आहे, एवढंच."

हे "एवढंच" मी पुढे फार वेळा ऐकले. एवढ्यावरच सगळे संपते का, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.

माझे लग्न झाले तेव्हा आमच्या घरी बोअरचे पाणी होते. पत्नी सुनंदा भडगावची, गिरणाकाठची. माहेरी तिची डाळ लोण्यासारखी शिजायची, आमच्याकडे तासभर उकळूनही कच्ची राहायची. शेजारच्या जिजी येता-जाता विचारायच्या, "काय वो, आज शिजनी का डाळ?" नानांनी सांगून पाहिले, की दोष डाळीत नाही, हातात नाही, पाण्यात आहे. जिजी हसल्या. त्याच पाण्यात त्यांची डाळ शिजत होती. त्या चिमूटभर सोडा टाकत, हे आम्हाला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

आमच्या महादेवाच्या मंदिरात श्रावणभर गळती लावतात. गळती म्हणजे पिंडीवर टांगलेले तांब्याचे पात्र. त्याच्या बुडाच्या बारीक भोकातून पिंडीवर अखंड थेंब पडतात. ती भरण्याची रोज एका घराची पाळी. आमच्या पाळीला सुनंदाने घागर ओतली आणि थोड्या वेळाने थेंब थांबले. जिजी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सूनना हातनं पानी महादेवले चालनं नही."

सुनंदा घरी आली ती न जेवता बसून राहिली. "आधी डाळ शिजेना, आता देवही घेईना. मला भडगावला सोडा. त्या पायरीवर मी पुन्हा चढायची नाही." मी लहानपणापासून त्या पिंडीपुढे हात जोडत आलो. थेंब का थांबले, ते मलाही समजत नव्हते. मी नानांकडे गेलो.

नाना अंगणातल्या झाडाचे एक लिंबू खिशात टाकून निघाले. सुनंदालाही त्यांनी बोलावून घेतले. ते गाभाऱ्यात गेले नाहीत. पुजाऱ्यांनी पात्र ओट्यावर आणून दिले. आत पांढऱ्या क्षाराचा थर होता. नानांनी लिंबू चिरून पिळले, तसे बुडाशी बुडबुडे उठले. लोक एकदम दोन पावले मागे सरले. लिंबू कशासाठी चिरतात, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

"देख माय, नजर निंघी ऱ्हायनी!" जिजी ओरडल्या.

"जिजी, नजर नाही, चुना! भोक बुजलं होतं. कुणीही पाणी ओतलं असतं तरी बुजलंच असतं."

"तुम्ही चुना म्हना सर, आम्ही नजर म्हनतस. पन निंघनी ना?"

नानांनी काडीने भोक मोकळे केले, पात्र धुतले आणि म्हणाले, "सूनबाई, आता तुम्हीच भरा." सुनंदाने घागर उचलली. पात्र भरले. थेंब पडला, मागोमाग दुसरा. जिजींनीच पुढे होऊन तिला हळदकुंकू लावले. "पोरले नजर लागेल व्हती," त्या साऱ्यांना सांगत सुटल्या. सुनंदा भडगावला गेली नाही.

नानांची खरी पंचाईत पुढे झाली. दारात लिंबे येऊन पडू लागली. कुणाची गाय दूध देईना, कुणाचे पोर रडे. नाना प्रत्येकाला बसवून चुना समजावून सांगत. माणसे मान डोलावून लिंबू तिथेच ठेवून जात. नानांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "तुमच्या विज्ञानाला मीठ लावून बरणीत भरतेय मी!" आपण एक अंधश्रद्धा घालवली की नवी लावली, हे नानांना कळेना. मलाही कळत नाही.

तरी लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात, कारण जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे, असे नाना म्हणत नाहीत. आता गावात नळ आले, पण पाणी बोअरचेच. परवा एकाने विचारले, "नाना, मुतखडा यानंच होतो का?" नाना म्हणाले, "ठामपणे नाही सांगता येणार. डॉक्टरांना विचार." जळगावहून पाणी शुद्ध करायचे यंत्र आणायला निघालेल्यांना ते आधी पाणी तपासून घ्यायला लावतात.

नाना देव मानतात का, हे इतक्या वर्षांत मी विचारलेले नाही. पण श्रावण लागण्याआधी गळती साफ झाली का, हे ते दरवर्षी विचारतात.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या दिवशी गळती भरायची, असे सुनंदाने ठरवले आहे. त्यासाठी मी त्यांच्याकडे लिंबू मागायला गेलो.

"चुन्यासाठी की नजरेसाठी?" नानांनी विचारले.

मी पिशवी पुढे केली. नाना झाडाकडे वळले.

"असू दे. दोन ने."

ती दोन्ही लिंबे आमच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहेत. एकाने पात्र स्वच्छ होईल. दुसरे सुनंदा नानांवरून उतरवणार आहे. ते रागावतील, पण खुर्चीवरून उठणार नाहीत, असा मला भरवसा वाटतो. महादेव त्यांना शंभरी दाखवो, तीही धडधाकट. आणि आमच्या गोंधळावर "एवढंच" म्हणायला ते आमच्यात असोत.