पंख उसवला त्या संध्याकाळी

पुसदच्या बसस्थानकावर बाबांनी माझी बॅग वर चढवली आणि खिडकीशी येऊन विचारलं, "पण खरंखुरं विमान आहे ना?" मी हो म्हटलं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. पुण्यात जुनी विमानं दुरुस्त करायला आणि पुढे उडवायला शिकवतात, त्यासाठी तरुण मुलंमुली शिकाऊ म्हणून घेतात, एवढं वाचून मी निघाले होते. आई त्यांच्या मागे उभी होती. बस हलल्यावर मात्र "जेवत जाजो वेळेवर" असं ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की अख्ख्या बसनं वळून पाहिलं.

धायरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी मी चाट पडले. विमान कापडाचं होतं. लाकडी फासळ्यांचा सांगाडा, त्यावर शिवलेलं सुती कापड आणि वरून उग्र वासाचं रोगण. ते वाळलं की कापड ढोलकीसारखं ताठ होतं. आमचे सर हवाई दलातून निवृत्त झालेले, पक्के पुणेरी. माझा चेहरा बघून म्हणाले, "का हो? आपल्याला सोन्याचं हवं होतं का?"

गावाकडचे तुम्ही सगळे मला अजून 'विमानवाली' म्हणता. माझ्यासारखे जे इथे आयटीत, कारखान्यात, कॉलेजात येऊन पडलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. तिकडे दार दिवसभर उघडं असायचं, इथे दाराच्या पुढे आणखी एक सेफ्टी डोअर. तिकडची मी 'मले' म्हणायची, इथे न चुकता 'मला' म्हणते, आणि आईचा फोन आला की जीभ आपोआप जागेवर येते. सुरुवातीला या दुहेरी बोलण्याची मला लाज वाटायची. आता लाज काढणाऱ्यांचा राग येतो.

बाबा शाळेत क्लार्क. मी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास करावा, परीक्षा देऊन अधिकारी व्हावं, ही त्यांची मनापासून इच्छा. कापडाच्या विमानाचं कळल्यावर ते फोनवर एवढंच म्हणाले, "याच्यासाठी पुण्याले धाडलं का तुले?" मग त्यांनी अट घातली. दिवाळीच्या सुट्टीत विमान उडालं तर राहायचं, नाही तर त्यांच्याबरोबर घरी परतायचं. मी कबूल झाले, कारण उजवा पंख तेवढा शिवायचा बाकी होता.

पंख दोघांनी शिवायचा असतो. तो उभा करतात, एक जण इकडून हातभर लांब सुई आरपार घालतो, दुसरा तिकडून ती परत पाठवतो, आणि प्रत्येक टाक्याला गाठ. पलीकडून माझ्यासारखाच शिकाऊ, कर्वेनगरचा ओंकार, अलीकडून मी. सुट्टी लागली आणि आईबाबा आले, त्या दुपारी आम्ही शेवटची फट शिवत होतो. सकाळी ट्रक येणार होता. पंख धावपट्टीवर नेऊन जोडायचा आणि दोन-तीन दिवसांत उड्डाण. आई थोडा वेळ बघत बसली, मग स्वयंपाक करते म्हणून मागच्या गल्लीतल्या माझ्या खोलीवर गेली. बाबा थांबले.

संध्याकाळी सर फळ्यापाशी गेले. आमच्याकडे भिंतीवर मोठा फळा आहे आणि त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे. हत्यार जागेवर नसेल, तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. फट शिवायच्या बोटभर सुईची जागा रिकामी होती. पंखाच्या आतून विमान वळवण्याच्या तारा जातात. सुई त्यांत अडकली तर वर गेलेलं विमान वळणारच नाही. आम्ही शेड झाडली, चुंबक फिरवलं, पंखातल्या तपासणीच्या झरोक्यांतून टॉर्च मारला. सुई मिळेना. ओंकार म्हणाला, "सर, सकाळी बघू या ना." सर म्हणाले, "सुई काय पाहुणी आहे का, आपणहून परत यायला?"

मग त्यांनी कापायचं पातं माझ्या हातात दिलं. "शिवलंत आपण. उसवा आता."

हा पंख कापला की दिवाळीत उड्डाण नाही, आणि उड्डाण नाही म्हणजे बॅग भरायची. ज्यांनी अट घातली ते बाबा समोर स्टुलावर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टोकाच्या फासळीपासून कापत गेले. कापड इतकं ताठ होतं की पातं लागताच आपोआप फाटत होतं, आणि तो आवाज मला सहन होत नव्हता. फासळ्यांमधले सगळे कप्पे उघडले. आत काही नव्हतं.

तेवढ्यात आई जेवायला बोलवायला आली. फाटका पंख पाहून दारातच थबकली. काय झालं ते ओंकारने सांगितलं, तसा तिचा चेहरा उतरला. तिने पर्समधून रिळात खोचलेली सुई काढली. "टेबलावर उघडीच होती. मले वाटलं, कोणाच्या पायात जाईन." घरी ती आयुष्यभर हेच करत आली आहे. सापडली सुई की रिळात खोचायची आणि आपल्याजवळ ठेवायची.

सरांनी सुई घेतली आणि फळ्यावर तिच्या जागी लावली. बाबा उठले आणि मला म्हणाले, "चाल, सामान बांध." मी पातं खाली ठेवलं, आणि आई, जी बाबांपुढे कधी ब्र काढत नाही, ती म्हणाली, "पोरगी कोठीच येत नाही. हे शिवणं होयेपर्यंत मीबी अठीच राह्यते. तुमी जा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बाबांनाही तसंच वाटलं असावं. ते आईकडे बघतच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच एकटे गेले.

ओंकारची परीक्षा आली, तेव्हा पंखापलीकडे आई उभी राहिली. तिचे पहिले टाके सरांनी सगळे उसवायला लावले. ती चिडली, पण पुन्हा घातले. धायरीच्या त्या एका खोलीत आम्ही दोघी गादीवरून भांडलो, डाळीत तिखट किती यावरून भांडलो. इतकी भांडणं पुण्यात मी कुणाशीच केली नव्हती.

पंख शिवून झाला, विमानाला जोडला, तेव्हा सरांनी चाचणीची उड्डाणं केली आणि मग मला मागच्या सीटवर बसवलं. वर गेल्यावर थोडा वेळ दांडा माझ्या हातात दिला. विमान माझ्या हाताने वळलं, दूर खडकवासल्याचं पाणी तिरकं झालं, आणि मी चक्क रडले.

खाली उतरल्यावर बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "वरून घर दिसलं का?"

"पुसद कुठून दिसणार, बाबा? धावपट्टीजवळ आई उभी होती, तेवढी दिसली."

पलीकडे ते खाकरले. म्हणाले, "मंग शनिवारी मीच येतो तिकडे, घरी."