दोन फोन शेजारी शेजारी

माझा स्वभाव मुळातच उतावळा. त्यात हडपसरच्या आयटी कंपनीतली नोकरी आणि पदरात तान्हं मूल. रविवार तेवढा मोकळा, तोही बिबवेवाडीला आईकडे जायचा. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहत होती. नातवाचे आठवडाभराचे फोटो तिला माझ्या फोनवरून तिच्या फोनवर हवे असत. तेव्हा ते ब्लूटूथने जात, म्हणजे रांगत जात. दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. एक उचलून गॅलरीत गेलं की फोटो अर्ध्यात तुटे, की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मलाही बसावं लागे. आई माझ्यापुढे सोलायला मटार टाकी आणि सोसायटीतली भांडणं साग्रसंगीत सांगे. माझं लक्ष फोटो किती गेला ते दाखवणाऱ्या फोनवरच्या पट्टीकडे.

"फोनना शेजारी बसायला वेळ आहे, तुलाच नाही," ती एकदा म्हणाली. मी हसून सोडून दिलं.

मग मीच शहाणपणा केला. तिला नवा फोन घेतला, इंटरनेट घालून दिलं, फोटो कसा उघडायचा ते शिकवलं.

"छान. सुटलीस एकदाची," आई म्हणाली.

एवढं करून वर टोमणा! मला रागच आला. त्यानंतर मी ऑफिसच्या बसमधून फोटो पाठवू लागले आणि रविवार घरच्या कामांत जाऊ लागले. दर वेळी कारण अगदी खरं असायचं.

बऱ्याच दिवसांनी गेले, तेव्हा मुलाला दारातच खाली सोडलं. तो तुरुतुरु आत गेला.

"अगंबाई, चालायला लागला?" आई जागच्या जागी थांबली.

"फोटो पाठवला होता की!" मी म्हटलं. फोनवर बोलताना मी ते सांगितलंही नव्हतं. फोटो गेलाय म्हटल्यावर वेगळं काय सांगायचं?

मी तिचा फोन उघडला. माझे सगळे फोटो तसेच धूसर पडून होते. एकही उघडलेला नव्हता.

"अगं, जमत नव्हतं तर विचारायचंस ना!" मी तडकले.

"जमतं की. तूच तर शिकवलंयस," आई म्हणाली. "तू आलीस की दोघी बसून बघू, म्हणून ठेवलेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातवाची पहिली पावलं तिच्या हातातल्या फोनमध्ये होती, आणि ती माझी वाट बघत राहिली होती.