ट्रॉलीवरचा रफार: मोयामोयाच्या ऑपरेशननंतर धुळे ते यावल, एकट्याने

दहा जानेवारी, शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. धुळ्याच्या बसस्थानकावर मी पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा एकदा तपासत होतो. पिशवीत ब्रश, रंगाचे डबे, गोळ्या आणि आईने बांधून दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आई दारापर्यंत म्हणत होती, "मी येस ना संगे." मी नको म्हणालो. ऑपरेशननंतर मी एकटा कुठेच गेलो नव्हतो.

मला मोयामोया आहे. यात मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या हळूहळू बारीक होत जातात. उजवा हात मधेच लुळा पडायचा, म्हणून नववीत शाळा सुटली. पुढे पाट्या रंगवायला शिकलो. दुकानांवर, टेम्पोंवर नावं लिहिता लिहिता शुद्धलेखन पक्कं झालं. गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात डाव्या कानापुढची, कातडीखालची वाहिनी मेंदूवरच्या वाहिनीला जोडली.

ऑपरेशन छान झालं आणि दोन दिवसांनी माझी वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "उपाशी मेंदूला एकदम भरपूर रक्त मिळालंय, तो गोंधळलाय. ओसरेल." त्यात एकदा फिट आली. टाक्यांची कड काळी पडली, ती भरायला फार वेळ लागला. वाचा परतली तेव्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" मी आमच्या अहिराणीत म्हणालो, "बठ्ठं बरोबर शे." म्हणजे सगळं ठीक आहे. बाई बिचाऱ्या परमुलखातल्या. त्यांना वाटलं, शब्द अजून बिघडलेलेच येतात. आई हसत, डोळे पुसत म्हणाली, "बाई, तो बरोबर बोलस! आमनाकडे असंच बोलतस."

बोलणं आलं, पण लिहिणं मागे राहिलं. काना, वेलांटी, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचे. ज्याचं पोट अक्षरांवर, त्याने काय करावं? महिनोन् महिने पाटीवर गिरवलं. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "जोड उत्तम चाललाय. फिरा." त्याच संध्याकाळी यावलच्या नानांचा फोन आला. नाना म्हणजे मावशीचे शेजारी, केळीचे शेतकरी. ट्रॅक्टरच्या नव्या ट्रॉलीवर मजकूर रंगवायचा होता. हे काम जमलं तर धंदा परत सुरू, नाहीतर ब्रश कायमचे माळ्यावर, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा रस्ता आता रुंद झालाय, बस फारशी आदळत नाही. माझ्यासारख्यांनी एक करावं: ऑपरेशनची बाजू खिडकीच्या गजाला लागणार नाही अशी जागा घ्यावी. थंडी असली तरी मफलर कानांवर करकचून बांधू नये, नवी वाहिनी दबते. आणि पाणी पीत राहावं. जळगावला बस बदलली, भुसावळला पुन्हा बदलली. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच केळी आणि समोर निळसर सातपुडा. तिथे मी पहिल्यांदा खांदे सैल सोडले.

नानांनी मळ्यात भरीत केलं होतं. काटक्यांवर भाजलेली हिरवी वांगी, हिरवी मिरची, केळीचं पान. वाफ निघत होती आणि मी नुसता बघत बसलो.

"काहून भो, पाहूनच पोट भरतं का?" नाना म्हणाले.

"फुंकर मारायची मनाई आहे, नाना. जोरात श्वास घेतला की मेंदूचं रक्त कमी होतं. मोयामोया."

"मोहमाया? ते तं आमाले बी हाये!"

भरीत निवलं आणि मी नानांपेक्षा जास्त खाल्लं.

दुपारी ट्रॉलीच्या फळीला पांढरा रंग दिला आणि रात्री नानांकडेच राहिलो. रविवारी सकाळी पाहतो तर नानांनी खडूने मजकूर लिहून ठेवलेला: "आई-वडिलांचा आर्शिवाद".

"रफार चुकलाय, नाना."

"कसा चुकन? गावातल्या साऱ्या ट्रॉल्यांवर असाच हाये. तुह्या डोक्याचं ऑपरेशन झालं ना, तुले तसं दिसत असन!"

ते गमतीने म्हणाले. पण मला नेमकी तीच भीती होती. साऱ्या ट्रॉल्या चुकतील की माझं एकट्याचं डोकं? श्वास भरभर चालू लागला, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मी खाली बसलो. पाणी प्यालो. मुंग्या जाईपर्यंत हळूहळू श्वास घेतला. मग बोलायला शिकवणाऱ्या बाईंची रीत आठवली: थाप मारत शब्द तोडून म्हणायचा.

"नाना, मांडीवर थाप मारत हा शब्द म्हणा. तुमच्या बोलीतच म्हणा."

नाना हसले, पण थापा मारू लागले. "आ... सी... र... वाद."

"'र' कुठे आला?"

"'वाद'च्या आधी."

"मग तो 'वा'च्या डोक्यावर बसवायचा. तुम्ही 'श'वर बसवलाय. तसं म्हणून बघा."

"आर... सी... वाद..." नाना थांबले आणि खो खो हसले. "असं तं माह्या बापानं बी कधी म्हटलं नाही! पूस तो खडू!"

मी खडू पुसला. निळ्या रंगात ब्रश बुडवला. हात थरथरेल म्हणून डावा हात आधाराला ठेवला होता, पण तो लागलाच नाही. "आशी" झालं, वेलांटी दीर्घ. मग "वाद". शेवटी "वा"च्या डोक्यावर रफार, एका झटक्यात, वळण न तुटता. मी मागे सरकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. आशीर्वाद. माझं डोकं ठिकाणावर होतं!

परतीच्या वाटेवर खिडकीतून ट्रॉल्या दिसत होत्या आणि जिथे तिथे "आर्शिवाद". मी एकटाच हसत होतो. शेजारच्या आजी संशयाने बघत पिशवी जवळ ओढून बसल्या.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: थंडीतच जा, भरिताची वांगी तेव्हाच खरी. दोन्हीकडचं बसभाडं मिळून पाचशेच्या आसपास जातं. मोयामोयाचे असाल तरी जा, पण आधी डॉक्टरांना नक्की विचारा.

पारोळ्याजवळ नानांचा फोन आला. "भो, शेजारचे तिघं जण पाहून गेले. त्यांचे बी रफार हलवायचे हायेत. कधी येतो?"

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उजव्या हाताकडे. बोटांवर निळा रंग वाळलेला.

तिने काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "माय, बठ्ठं बरोबर शे."